आंधळ्या फौजींची पहिली सभा

सव्वीस जानेवारीला शाळेत मला पहिल्या रांगेतली खुर्ची असते. झेंडा वर गेला की कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकतो, हातात नारळ देतो आणि माईकवरून सांगतो की यांनी देशासाठी डोळे दिले. दरवर्षी हेच वाक्य. मी डोळे दिले नाहीत. कुणी मागितले असते तर साफ नाही म्हणालो असतो. सीमेवर गस्तीला निघालो होतो, पुढच्याचा पाय सुरुंगावर पडला, तो गेला आणि माझे डोळे गेले. त्यात देण्याघेण्याचा काही प्रश्नच आला नाही. पण टाळ्या वाजतात, मी हात जोडतो आणि घरी येतो. बायकोनं त्या सगळ्या शालींच्या गोधड्या शिवल्या आहेत. गोधड्या मात्र उबदार आहेत, खोटं कशाला बोलू.

मी जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचा. आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, मग तो साधा शिपाई का असेना. तसा मीही मेजर. आता लिहितो म्हणजे फोनशी बोलतो, फोन ते अक्षरांत उतरवतो, आणि बायको अंगणवाडीतून आली की त्यातल्या चुका काढते. यातला काही भाग तिला आवडलेला नाही. लोकांची नाचक्की कशाला करायची, असं तिचं म्हणणं. मी नावं गाळली आहेत, बाकी काही गाळणार नाही.

नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. पूर्वी अंगठा चालायचा. मग फोनवरचं ॲप आलं. जालन्याच्या ऑफिसात एक माणूस आपल्या तोंडासमोर फोन धरतो आणि ॲप सांगतं, डोळे मिचकावा. डोळे मिचकावले की तुम्ही जिवंत. माझा एक डोळा काढून टाकला आहे आणि दुसऱ्याची पापणी शिवलेली आहे. मी तसाच उभा राहिलो. तो माणूस म्हणाला, "काका, मिचकावा ना." मी म्हणालो, मिचकवायला डोळे पाहिजेत. तो बिचारा अडचणीत पडला. "ॲप पुढं जात न्हाई काका," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि माझ्या मागची रांग चुळबुळ करू लागली.

तेव्हा मागून एक जाड, मोकळा आवाज आला. "मेजर, तुमचं झालं न्हाई म्हंजी माझं बी होनार न्हाई. मी बी तुमच्यासारखाच. मेलो आपण दोघं. चला, चहा पिऊन येऊ. मेलेल्या मान्सानं चहा प्यायला ऑफिसाची हरकत न्हाई."

रांग हसली. मीही हसलो, आणि डोळे गेल्यापासून डोळ्यांवरून मी पहिल्यांदाच हसलो असेन. आम्ही एकमेकांचा खांदा धरून, दोघं आंधळे, रस्त्याच्या कडेकडेनं चहाच्या गाड्यावर गेलो. माझा हा मित्र असा भेटला.

तो घनसावंगीकडचा. घरी ऊस आणि मोसंबी, भाऊ शेती बघतो. हा फौजेत आचारी होता. लोकांना वाटतं फौजेतला आचारी म्हणजे मागं कुठंतरी सुखात कांदे चिरत बसलेला माणूस. हा बर्फातल्या चौकीवर होता, जिथं वाऱ्याबरोबर गोळीही यायची. पहाटे गस्तीवरून येणाऱ्या जवानांसाठी पाणी गरम करायला बसला, रॉकेलची भट्टी फुटली आणि जळतं रॉकेल थेट तोंडावर आलं. हेलिकॉप्टर यायला वेळ लागला. चेहऱ्याची कातडी कशी झाली आहे ते त्यानं माझा हात धरून दाखवलं, वाळलेल्या मोसंबीच्या सालीसारखी खरबरीत. वर म्हणाला, "तुला सुरुंग, मला स्टोव्ह. तुझं नशीब लै भारी राह्यलं, मेजर. तुला शाल भेटती."

गमतीत म्हणाला, पण ते त्याला लागलेलं होतं. त्याच्या गावात त्याला झेंड्याला कुणी बोलावत नव्हतं. लग्नकार्यात पंगतीला लोक म्हणायचे, मेजर, भाजीत मीठ बराबर हाय का बघा. तो चाखायचा, सांगायचा, आणि घरी येऊन दोन-दोन दिवस बोलायचा नाही. हे मला त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं. पेन्शन त्याला मिळत होती, घरी खाऊनपिऊन सुखी होता. त्याला फक्त चार फौजींनी आपल्यातला म्हणायला हवं होतं.

त्या चहाच्या गाड्यावर तोच म्हणाला, आपल्यासारखे देशात किती असतील. कुणी पंजाबात, कुणी आसामात, प्रत्येकजण आपापल्या ऑफिसात एकेकटा उभा राहून डोळे मिचकाव म्हणून ऐकत असेल. एकट्याचं कोण ऐकतं. संघटना पाहिजे, आणि ती जिल्ह्याची नको, सगळ्या देशाची पाहिजे. मी म्हणालो, बाबा, आपल्याला बस स्टँडवर भोकरदनची गाडी कुठली ते विचारावं लागतं, आपण देशाची संघटना काय करणार. तो म्हणाला, "इचारायला लाज वाटती का तुला? मंग फोन करून इचारू देशाला."

आणि खरंच त्यानं फोन केले. ओळखीच्या हवालदाराकडून एक नंबर, त्या नंबरवाल्याकडून दुसरा. त्याची हिंदी निजामाच्या काळातली, मेरेकू-तेरेकू करत तो आसामातल्या माणसाशीही तास-तास बोलायचा. हळूहळू फोनवर आमचा एक गट झाला. राजस्थानातला एक, बिहारमधले दोघं, पंजाबातला एक म्हातारा सुभेदार, साताऱ्याकडचे काही, असे वाढत गेलो. सगळे आवाजीच, कारण टाइप करून वाचणार कोण. रविवारी सकाळी गटाचा फोन लागायचा आणि हाजरी व्हायची. माझा मित्र म्हणायचा, "हाजरी." मग प्रत्येकानं आपलं गाव सांगून हाजर म्हणायचं. बोलायच्या आधी गाव सांगायचं, हा आमचा नियम झाला, म्हणजे कुणाचा आवाज कुणाचा ते कळतं. कुणी नुसतं हं केलं की मित्र ओरडायचा, मान मत हिलाओ भाई, मुंह से बोलो. त्या रविवारांत आम्ही जेवढं हसलो तेवढं मी फौजेतही हसलेलो नाही. कुणी घरी काठी विसरून म्हशीवर कसा जाऊन आदळला ते सांगायचा, कुणी रडायचा, आणि मग कुणीतरी शिवी देऊन त्याला गप्प करायचा. मी सुखी होतो त्या दिवसांत. आता ते सांगताना राग येतो, पण सुखी होतो हे खरं.

संघटना रीतसर करायची तर नियमावली लागते, सह्या लागतात, ऑफिसात खेटे घालावे लागतात. डोळस माणूस हवा होता. साताऱ्याच्या एकानं एका निवृत्त साहेबांचं नाव सुचवलं. संभाजीनगरला राहणारे, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांनी लगेच हो म्हटलं. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर आम्ही सावध राहिलो असतो. बोलणं गोड, शिस्तीचं, आमच्यापैकी प्रत्येकाला स्वतः फोन करून बायकापोरांची विचारपूस करणारे. रविवारच्या हाजरीलाही ते येऊ लागले. ते आले तेव्हापासून म्हशीच्या गोष्टी बंद झाल्या. साहेबांसमोर कोण सांगणार. हाजरीला जय हिंद साहेब जोडलं गेलं, आणि बिहारवाल्यांतला एकजण एकदा बोलताबोलता उभा राहिला हे मला त्याच्या खुर्चीच्या आवाजावरून कळलं. घरात, एकटा, फोनसमोर, आंधळा माणूस ताठ उभा. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

स्थापनेची सभा जालन्याला घ्यायची ठरली. कल्पना इथली, म्हणून मान जालन्याला, असं साहेबच म्हणाले. एक मंगल कार्यालय मिळालं. लांबलांबून लोक रेल्वेनं आले, प्रत्येकाबरोबर घरचं कुणीतरी, बायको नाहीतर भाऊ. मी बायकोला घेऊन टेंभुर्णीहून एसटीनं गेलो. दारातच मला भाजलेल्या मिरच्यांचा वास आला आणि मित्राचा आवाज ऐकू आला. जेवण त्यानं स्वतःकडे घेतलं होतं. गावाकडून भाऊबंद आणले होते, पण फोडणी कधी टाकायची, वांगं कधी उतरवायचं हे तोच वासावरून आणि आवाजावरून सांगत होता. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, पंजाबच्या सुभेदारांसाठी पुऱ्या, आणि शेवटी घरच्या बागेतली मोसंबी सोलून. साहेब म्हणाले, आचारी लावला असता. हा म्हणाला, "आचारी हायेच की साहेब इथं."

सकाळी हार-तुरे, भाषणं. तेच वाक्य, देशासाठी डोळे दिले. मग जेवणं. आम्हा फौजींची पंगत आधी बसली. ज्यांचे आवाज इतके दिवस कानाला लावून ऐकले, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. राजस्थानवाला मला चाचपून म्हणाला, तू तर आवाजापेक्षा बारीक आहेस. सुभेदारांनी तीनदा भाजी मागून घेतली. माझा मित्र वाढणाऱ्यांच्या मागं मागं फिरत प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून विचारत होता, और चाहिए क्या. प्रत्येकजण त्याचं कौतुक करत होता. घरच्यासारखं जेवण, असं म्हणत होता.

जेवणानंतर आम्ही आत सभेला बसलो आणि सोबत आलेल्या घरच्या माणसांची पंगत बाहेर मांडवात बसली. माझ्या बायकोला सकाळच्या प्रवासानं मळमळत होतं, ती जेवली नाही. ती आत येऊन मागच्या भिंतीला टेकून बसली. डोळस माणसं आत दोनच, समोर साहेब आणि मागं ती.

साहेबांनी नियमावली वाचायला घेतली. संघटनेचं नाव, उद्देश, कार्यक्षेत्र संपूर्ण भारत. आम्ही टाळ्या वाजवत गेलो. मग सभासदत्वाचा नियम आला. युद्धात किंवा शत्रूच्या कारवाईत दृष्टी गमावलेला सैनिक सभासद होऊ शकेल. ते एका दमात वाचून पुढच्या नियमाकडे गेले. मी म्हणालो, "टेंभुर्णी. साहेब, हा नियम परत वाचा." त्यांनी परत वाचला.

 मग मित्राचा आवाज आला, माझ्या उजव्या हाताकडून. "घनसावंगी. मंग साहेब, मी कोन?"

साहेब समजावू लागले. तुमच्याबद्दल आदरच आहे, तुम्ही पायाचे दगड आहात. पण आपल्याला देणग्या उभ्या करायच्या आहेत, दिल्लीत दारं ठोठवायची आहेत. रणभूमीवरच्या वीरासाठी दार उघडतं. उद्या कुणी विचारलं, हे कसे आंधळे झाले, आणि उत्तर आलं की स्वयंपाक करताना, तर सगळ्यांचंच वजन कमी होतं. तुम्ही सल्लागार राहा, विशेष निमंत्रित राहा.

मित्र हसला नाही. तो म्हणाला, "साहेब, सुरुंगानं गेलेल्याला अंधार येगळा दिसतो का? गस्तीवरून आल्यावर गरम पानी तुमच्या वीरालाच पायजे होतं ना? मी सोताच्या चहासाठी भट्टी पेटवली नव्हती. मला सल्लागार नका करू. मला ह्यांच्यात धरा, न्हाईतर सांगा की तू आमच्यातला न्हाईस. साफ सांगा, मी ऐकून घेतो."

साहेबांनी कागद चाळल्याचा आवाज आला. ते म्हणाले, मी एकटा कोण ठरवणार, लोकशाही आहे, मत घेऊ. सेवेत असताना कोणत्याही कारणानं दृष्टी गमावलेल्या प्रत्येकाला सभासद करावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत.

आणि आम्ही हात वर केले. म्हणजे मी केला. इथं मला थांबून सांगायला हवं, कारण हे ऐकून लोक हसतात आणि मग हसायचे थांबतात. एका खोलीत वीसेक आंधळे बसलेले, आणि मत हात वर करून. एवढे महिने आम्ही प्रत्येक रविवारी गाव सांगून तोंडानं हाजरी देत होतो, मुंह से बोलो म्हणत होतो. त्या दिवशी कुणालाही, मलाही, सुचलं नाही की साहेब, आवाजी घ्या, एकेकाला विचारा. ग्रामसभेत हात वर करतात, शाळेत करतात, पंचवीस-तीस वर्षं आम्ही सगळे डोळस होतो आणि हाताची सवय डोळ्यांबरोबर गेली नाही. शिवाय बॅनर, हार, माईक, पाहुणे. डोळसांसारखी सभा वाटायला हवी होती आम्हाला. खोलीत पंख्याचा आवाज होता, बाकी काही नाही. माझा हात दुखायला लागेपर्यंत मी तो वर ठेवला. माझी समजूत अशी की माझ्याभोवती हातांचं रान उभं आहे.

साहेब म्हणाले, खाली घ्या. थोडं थांबले. म्हणाले, प्रस्ताव नामंजूर.

मी उठून बोललो की मला हे मान्य नाही. साहेब म्हणाले, नोंद घेतली. मित्र उठला, खुर्ची नीट मागं सारली, म्हणाला, "जय हिंद, साहेब," आणि भिंतीला हात लावत बाहेर गेला. त्यानंतर सगळ्यांना चहा आला. चहा त्यानंच लावला होता, आलं घालून. मी कप तसाच खाली ठेवला, पण आजूबाजूला फुरके मारल्याचे आवाज येत होते.

परतीच्या एसटीत मी साहेबांना खोटं मोजलं म्हणून शिव्या घालत होतो. खिडकीशी बसलेली बायको ऐकून घेत होती. जाफराबादच्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "अहो, साहेबानं काही गडबड केली न्हाई."

"म्हंजी?"

"मी मागं बसल्ते ना. समदे दिसत होते. हात तुमचा एकट्याचाच वर होता."

मी म्हणालो, तुला नीट दिसलं नसेल. ती म्हणाली, तिला काय झालंय न दिसायला. सुभेदारांचे हात मांडीवर होते. राजस्थानवाला काठीची मूठ दोन्ही हातांनी धरून बसला होता. बिहारच्या एकानं हात थोडा उचलला आणि डोकं खाजवून खाली घेतला. आणि मित्र? मी विचारलं. ती म्हणाली, "भाऊजींनी बी न्हाई केला. सोतासाठी सोताच कसा करतील हात वर. मान खाली घालून बसले होते."

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्यानंतरही बरेच दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. खाल्ल्या मिठाला जागणं राहिलं बाजूला, ताटातली भाजी पोटात जिरायच्या आत यांनी त्याला दाराबाहेर काढलं. मला कारणही कळत होतं, म्हणून जास्त संताप येत होता. आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. दिसत होतो फक्त साहेबांना. हात वर केला असता तर तो मित्राला कधीच दिसला नसता, साहेबांना मात्र दिसला असता. फौजेत जन्म काढलेल्या माणसाला असा हिशेब करायला वेळ लागत नाही. आणि हात वर न केलेलाही कुणाला दिसणार नव्हता. आयुष्यभर लोकांनी आमच्या आंधळेपणाचा फायदा घेतला, आणि पहिली संधी मिळताच आम्ही एकमेकांच्या आंधळेपणाचा घेतला.

सभेच्या दुसऱ्याच दिवशी मित्राचा फोन आला. आवाज चक्क खुशीत. "मेजर, ऐक, मी ऐकवतो तुला." आणि त्यानं फोनला फोन लावून एकेक आवाजी निरोप वाजवला. राजस्थानवाला सांगत होता, भाई, मैंने तो हाथ उठाया था. सुभेदार म्हणत होते, पुत्तर, मेरा हाथ ऊपर था, गिनती में गडबड हुई. साताऱ्याचे तेच, बिहारचे तेच. कुणी कसम घेतली, कुणाचा गळा दाटून आला. मित्र म्हणाला, "बघितलं? समद्यांनी हात वर केल्ते. त्या साहेबानं खोटं मोजलं. फौजी बराबर हायेत आपले."

मी हो म्हणालो. यात माझी चूक झाली असं मला आजही वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हो म्हणेन. त्या माणसाच्या हातात तेवढीच एक गोष्ट उरली होती आणि ती मी काढून घेणार नव्हतो. बायकोला मी बजावलं, त्याच्या घरी यातलं एक अक्षर बोलायचं नाही. ती म्हणाली, मी कशाला बोलते.

पण त्याच्यासारखा माणूस नुसता खुश होऊन बसणारा नव्हता. तो पेटला. साहेबांची संघटना नोंदली गेली, राष्ट्रीय झाली, तिचं लेटरहेड आलं. कुठल्याशा शहरात सत्कार झाल्याचं गटावर कळलं. याच्या डोक्यात एकच, आपण दुसरी काढू. सगळ्या आंधळ्या फौजींची, स्टोव्हवाल्यांचीही. ज्यांनी त्या दिवशी हात वर केले ते सगळे आपलेच आहेत, मग अडचण काय. मी म्हणालो, घाई नको. तो म्हणाला, "तू काहून भिऊन राह्यला? मान्सं तयार हायेत." त्यानं एकेकाला फोन केला. प्रत्येकजण म्हणाला, वा, जरूर, रविवारी हाजरीला येतो.

रविवारी सकाळी त्यानं नव्या गटाचा फोन लावला. मी आधीच जोडला गेलो होतो. तो घसा खाकरून म्हणाला, "हाजरी."

मी म्हणालो, "टेंभुर्णी, हाजर."

मग दोघंही थांबलो. त्याच्याकडे कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता, तो ऐकू येत होता. त्यानं पुन्हा फोन लावून बघितला. काहींचा बंद, काहींचा वाजून वाजून थांबला. राजस्थानवाल्याच्या बायकोनं उचलला आणि सांगितलं की ते बाहेर गेलेत, पण तिच्या मागं त्याचा खोकला आम्हा दोघांनाही ओळखू आला. रविवारच्या रविवारी ऐकलेला खोकला तो, कसा चुकेल. मित्र तिला म्हणाला, ठीक है भाभी, आने पर बोलना. मग तिचा फोन ठेवून दिला. मी म्हणालो, पुढच्या रविवारी बघू. तो म्हणाला, हां.

मग म्हणाला, "मेजर, खरं सांग. त्या दिशी हात कोनाकोनाचे वर होते?"

मी म्हणालो, "माझा होता."

"ते समदेच म्हनले, माझा होता."

"माझा होता," मी पुन्हा म्हणालो. दुसरं काय म्हणणार. माझ्याजवळ दुसरा पुरावा नव्हता. एवढ्या महिन्यांचे रविवार, चहाच्या गाड्यावर एकमेकांचा खांदा धरून चाललेला तो रस्ता, सगळं माझ्या बाजूनं होतं, आणि तरी माझा आवाज त्याच्या कानात आता बाकीच्यांच्या आवाजासारखाच वाजत होता. त्याचा संशय मला कळला. मला त्याचा रागही आला, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं हेही कळलं.

तो म्हणाला, "वहिनी हाय का घरात? ती आत बसल्ती ना. तिला दे फोन."

ती भांडी घासत होती. मी हाक मारली. तिनं हात पुसल्याचा आवाज आला, मग तिनं फोन घेतला आणि ती जरा लांब गेली. मी खुर्चीत बसून ऐकत राहिलो. "होता भाऊजी," ती म्हणाली. "ह्यांचा होता. मी सोता बघितला." मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ती थांबली. तिला खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. ती म्हणाली, "न्हाई भाऊजी. दुसऱ्या कोनाचाच न्हाई."